प्रश्न तुमचे : 'डू', 'डझ', 'डिड' वाक्याला जोर देतात तेव्हा

इंग्रजी वाक्याला सहायक क्रियापदाने जोर कसा द्यायचा, याबद्दल मराठवाड्यातून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. लांब पत्रांतला प्रश्न तेवढाच छापला आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत आणि बोलताना कोणत्या शब्दावर आवाज चढतो, हे नुसत्या वाक्यावरून कळत नाही तिथे ते कंसात सांगितलं आहे.

प्रश्न : नववीच्या वर्गात 'ही डिड कम' हे वाक्य आलं. मुलं म्हणाली, "मॅडम, यात प्रश्न नाही, नॉट नाही, मग डिड कुठून आलं?" जोर देण्यासाठी, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी वह्यांत 'ही डिड वेन्ट', 'शी डझ नोज', 'आय डू अ‍ॅम रेडी' अशी वाक्यं आली. हे नीट कसं शिकवावं?
– शिक्षिका, उदगीर

उत्तर : मुलांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या 'नॉट'मध्येच आहे. साध्या वाक्याचं आधी नकारार्थी वाक्य करायला सांगा, मग त्यातलं नॉट खोडायला लावा. उरतं ते जोराचं वाक्य. फळ्यावर तीन रकाने आखा आणि आडवं वाचत जा :

ही केम – ही डिड नॉट कम – ही डिड कम
शी नोज – शी डझ नॉट नो – शी डझ नो
दे ग्रो कॉटन – दे डू नॉट ग्रो कॉटन – दे डू ग्रो कॉटन
आय अ‍ॅम रेडी – आय अ‍ॅम नॉट रेडी – आय अ‍ॅम रेडी (जोर 'अ‍ॅम'वर)
शी हॅज पेड – शी हॅज नॉट पेड – शी हॅज पेड (जोर 'हॅज'वर)
वी कॅन विन – वी कॅन नॉट विन – वी कॅन विन (जोर 'कॅन'वर)

नकारार्थी वाक्य करायला मुलं सातवी-आठवीपर्यंत शिकलेली असतात. त्यामुळे नवा नियम पाठ करावा लागत नाही आणि तुम्ही दिलेल्या तिन्ही चुका आपोआप टळतात. 'ही डिड नॉट वेन्ट' चुकीचं आहे हे ज्याला कळलं, तो 'ही डिड वेन्ट' लिहिणार नाही. 'आय डू नॉट अ‍ॅम रेडी' कोणी म्हणत नाही, म्हणून 'आय डू अ‍ॅम रेडी'सुद्धा नाही.

कारणही सांगाच, नाहीतर आठवडाभरात विसरतात. काळाची आणि कर्त्याची खूण क्रियापदाच्या गटात एकदाच लागते, आणि ती गटातला पहिला शब्द घेतो. डिड आलं की भूतकाळ तिथेच संपला, पुढे कम हे मूळ रूपच राहणार. डझ आलं की तृतीय पुरुषी एकवचनाचा 'एस' डझमध्ये गेला, म्हणून नोजचं नो झालं. मराठीत 'मी गेलो होतो' म्हणताना 'गेलो' आणि 'होतो' दोन्ही रूपं बदललेली असतात. ती सवय मुलं इंग्रजीत नेतात, आणि 'डिड वेन्ट' तिथून येतं.

सगळ्यात जास्त गोंधळ हॅवमध्ये होतो. हॅव दोन प्रकारचं आहे. 'आय हॅव अ टिकेट' मधलं हॅव म्हणजे 'जवळ असणं'. ते मुख्य क्रियापद आहे, म्हणून 'आय डू हॅव अ टिकेट'. 'आय हॅव फिनिश्ड' मधलं हॅव सहायक आहे, तिथे डू लागत नाही : 'आय हॅव फिनिश्ड' (जोर 'हॅव'वर). डूचंही तसंच. 'आय डू माय होमवर्क' मधलं डू म्हणजे 'करणं', ते मुख्य क्रियापद. त्याला जोर द्यायचा तर 'आय डू डू माय होमवर्क' असे दोन डू शेजारी येतात आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. मुलं हसतात, पण हे वाक्य एकदा फळ्यावर लिहिलं की मुख्य आणि सहायक यांतला फरक पक्का बसतो.

एकापेक्षा जास्त सहायक क्रियापदं असली तर जोर पहिल्यावर : 'ही हॅज बीन वेटिंग'. नॉट तिथेच बसला असता, म्हणून.

प्रश्न : मराठीत 'च' लावला की जोर येतो. मग जिथे जिथे 'च' आहे तिथे इंग्रजीत डू वापरायचं का? स्पर्धा परीक्षेच्या भाषांतरात मी तसं करतो, पण सर वाक्यं कापतात.
– विद्यार्थी, परभणी

उत्तर : सर कापतात ते योग्यच आहे. 'च' कोणत्याही शब्दाला चिकटतो आणि त्या शब्दाला उचलतो. सहायक क्रियापदाचा जोर एकाच गोष्टीवर पडतो : ही गोष्ट घडली की नाही घडली. कोणी केली, कधी केली, कशाला केली, याच्याशी त्याचा संबंध नाही. एकच वाक्य फिरवून बघा.

मीच दार लावलं. (दुसऱ्या कोणी नाही.) – आय लॉक्ड द डोअर (जोर 'आय'वर). किंवा, इट वॉज मी हू लॉक्ड द डोअर.
मी दारच लावलं. (खिडकी नाही.) – आय लॉक्ड द डोअर (जोर 'डोअर'वर).
मी कालच दार लावलं. – आय लॉक्ड द डोअर ओन्ली यस्टरडे.
मी दार लावलं की! – आय डिड लॉक द डोअर.

डिड फक्त शेवटच्या वाक्यात आलं. आपल्याकडे कोणी "फोन का नाही केलास?" म्हटलं की तोंडातून निघतं, "केलता की!" वाक्याच्या शेवटी येणारा हा 'की' जे काम करतो, तेच इंग्रजीत डू, डझ, डिड करतात. भाषांतर करताना आधी मनात वाक्याच्या शेवटी 'की' लावून बघा. बसला, तर सहायक क्रियापदावर जोर द्या. 'च'ला मात्र दरवेळी विचारावं लागतं, तू कोणाला चिकटलास?

दुसरी कसोटी याहून महत्त्वाची आहे. जोराच्या वाक्याआधी कुठेतरी एक 'नाही' असावा लागतो. तो समोरच्याच्या तोंडी असेल, त्याच्या मनातली शंका असेल, किंवा तुमच्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात असेल. तो नसताना डू घातलं तर वाक्य व्याकरणाने बरोबर असूनही ऐकणारा बुचकळ्यात पडतो : हा कोणाशी वाद घालतोय?

समजा कोणी म्हणालं, रेल्वेने शहराला पाणी पुरवणं शक्यच नाही. त्यावर, 'अ ट्रेन डिड ब्रिंग वॉटर टू लातूर इन 2016.' एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली होती. समोर नकार होता, तो खोडला गेला.

'नाही' आपल्याच वाक्यात असतो तो प्रकार लेखनात फार उपयोगी पडतो : 'हैदराबाद स्टेट डिड बिकम पार्ट ऑफ इंडिया, बट ओन्ली इन सप्टेंबर 1948.' आधी मान्य करायचं, मग 'बट' म्हणून मर्यादा सांगायची. मुक्तिसंग्राम दिनाच्या निबंधात हे वाक्य बिनधास्त लिहा. 17 सप्टेंबर आणि 15 ऑगस्ट यांतला फरक एका ओळीत येतो. पावसाबद्दलही तेच : 'इट डिड रेन इन जून, बट नॉट इनफ फॉर सोइंग.'

तिसरा प्रकार शंका फिटल्याचा. 'दे सेड द डॅम वुड फिल, अँड इट डिड फिल.' भरेल म्हणाले होते, आणि भरलंच. इथे मराठीत क्रियापदाला 'च' लागलाय, म्हणून तुमची समजूत झाली असावी. क्रियापदाला चिकटलेला 'च' बहुतेक वेळा सहायक क्रियापदाच्या जोराने उतरतो. नामाला किंवा क्रियाविशेषणाला चिकटलेला नाही.

प्रश्न : तोंडी परीक्षेत मी 'आय डू अ‍ॅग्री' म्हटलं, पण परीक्षक म्हणाले की जोर ऐकूच आला नाही. शब्द तर घातला होता.
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : शब्द घातला, आवाज घातला नाही. जोराचं डू कागदावर दिसतं, पण त्याचं निम्मं काम उच्चारात असतं.

इंग्रजीत सहायक क्रियापदं एरवी दबलेली असतात. 'डू यू' मधलं डू 'ड' एवढंच उरतं. डझचं 'ड्झ', कॅनचं 'कन', हॅवचं 'अव', वॉजचं 'वझ' होतं. दबलेलं क्रियापद अचानक पूर्ण उच्चारात आलं की इंग्रजी कानाला लगेच कळतं की इथे काहीतरी ठासून सांगितलंय. आपण मराठी माणसं मात्र प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारतो. सगळीच क्रियापदं पूर्ण असली, तर जोराचं वेगळं कसं ओळखायचं? म्हणून आपल्याला जरा जास्त करावं लागतं.

जोराच्या शब्दावर सूर वर न्या, एरवीच्या बोलण्यापेक्षा स्पष्ट वर. स्वर लांबवा : डू नव्हे, 'डूऽ'. मग पुढचे सगळे शब्द खालच्या सुरात, सपाट सोडा. चूक बहुतेकांची इथेच होते. डूवर जोर देतात आणि लगेच अ‍ॅग्रीवरही देतात, मग दोन्ही बरोबरीत जातात. फोनवर आवाज नोंदवून ऐका. 'आय अ‍ॅग्री' आणि 'आय डू अ‍ॅग्री' लागोपाठ म्हणा. दुसऱ्या वाक्यात अ‍ॅग्री पहिल्यापेक्षा हळू ऐकू आलं तर जमलं.

कॅनबद्दल एक सावधगिरी. 'आय कॅन कम' साधं सांगायचं असताना कॅन पूर्ण आणि जोरात म्हटलं, तर फोनवर पलीकडच्याला ते 'कान्ट' वाटू शकतं, कारण नकाराचा स्वर नेहमीच पूर्ण असतो आणि शेवटचा 'ट' पुष्कळदा ऐकूच येत नाही. साध्या होकारात 'कन' म्हणा. जोर द्यायची वेळ आली तरच कॅन.

जोडून लिहिलेल्या रूपांना जोर देता येत नाही. 'आय'म', 'शी'ज', 'वी'व्ह' यांत सहायक क्रियापदाचा स्वरच गळालेला असतो. ते सोडवून पूर्ण करावं लागतं : 'आय अ‍ॅम लिसनिंग', 'वी हॅव पेड'. 'आर यू रेडी?'चं उत्तर 'येस, आय'म' होत नाही, 'येस, आय अ‍ॅम' होतं, त्यामागचं कारणही हेच : वाक्य तिथेच संपतं, जोर तिथेच पडतो. नकारात मात्र जोडरूप चालतं, 'नो, आय'म नॉट'.

आणखी एक, हे पुस्तकांत कमी सापडतं. क्रियाविशेषण जोराच्या सहायक क्रियापदाच्या अलीकडे सरकतं. साधं वाक्य : 'आय'व्ह ऑलवेज पेड ऑन टाइम.' जोराचं : 'आय ऑलवेज हॅव पेड ऑन टाइम.' तसंच 'आय'म रिअली सॉरी', पण 'आय रिअली अ‍ॅम सॉरी'.

प्रश्न : वरिष्ठ कार्यालयाने बिल मिळालं नाही असं कळवलं. मी ई-मेलमध्ये 'आय डिड सबमिट द बिल ऑन 12 जून' लिहिलं. साहेबांनी म्हटलं, भाषा उद्धट आहे. व्याकरण तर बरोबर आहे ना?
– लिपिक, जालना

उत्तर : व्याकरण बरोबर आहे. पण साहेबांचा कानही बरोबर आहे. डिड समोरच्याचा 'नाही' थेट खोडतं. तोंडी बोलताना हसून तो वार हलका करता येतो, लेखी ते जमत नाही. वाचणारा 'मी दिलं होतं की!' असाच सूर ऐकतो.

तारीख आणि आवक क्रमांक बोलू द्या : 'आय सबमिटेड द बिल ऑन 12 जून. अ कॉपी विथ द इनवर्ड नंबर इज अटॅच्ड.' डिड काढलं तरी पुरावा तसाच राहिला, आणि वाद गेला. पत्रव्यवहारात जोराचं डू दुसऱ्याच्या बाजूने वापरलं तर गोड लागतं : 'वी डू अंडरस्टँड द डिले', 'आय डू अ‍ॅप्रिशिएट युअर हेल्प'. समोरच्याला वाटत असतं की आपली अडचण कोणी समजून घेत नाही. तो त्याच्या मनातला 'नाही' तुम्ही खोडता.

'प्लीज डू द नीडफुल' मधलं डू हे नाही. ते 'करणं' अर्थाचं मुख्य क्रियापद आहे, त्यात जोर काही नाही.

प्रश्न : पाहुण्यांना 'डू सिट डाउन' म्हणतात, ते आदराचं की हुकमाचं?
– गृहिणी, अंबाजोगाई

उत्तर : आदराचं, आग्रहाचं. आपण 'बसा की', 'घ्या की अजून' म्हणतो तो भाव. 'डू हॅव सम मोर' म्हणजे वाढताना केलेला आग्रह. आज्ञार्थात हे डू 'बी'च्या आधीही येतं, 'डू बी केअरफुल', आणि एवढ्या एकाच ठिकाणी डू व बी एकत्र चालतात. 'डोन्ट बी लेट' होतं, म्हणून 'डू बी' होतं. वर उदगीरच्या शिक्षिकेला सांगितलेली नॉट खोडायची युक्ती इथेही लागू पडते. पण 'डू हरी अप', 'डू बी क्वाएट' यांत आग्रहाचा त्रागा होतो, तेव्हा मोठ्या माणसांना ते म्हणू नये.

प्रश्न : संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेत 'डू हिअरबाय अ‍ॅडॉप्ट' असं आहे. तिथे कोणाचं म्हणणं खोडायचं होतं? शाळेत रोज वाचतो, पण या डूचा अर्थ कोणी सांगितला नाही.
– बारावीचा विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : फार चांगला प्रश्न आहे, आणि वर सांगितलेल्या 'समोर नाही असावा' या कसोटीला तो बरोबर अडवतो.

आधी वाक्याची रचना बघ. संपूर्ण उद्देशिका हे एकच वाक्य आहे. कर्ता अगदी सुरुवातीला : 'वी, द पीपल ऑफ इंडिया'. त्यानंतर 'हॅविंग सॉलेम्न्ली रिझॉल्व्ड' पासून संकल्पाचा मोठा भाग सुरू होतो : न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. मग संविधान सभा आणि 26 नोव्हेंबर 1949 ही तारीख. आणि तेव्हा कुठे मुख्य क्रियापद येतं : 'डू हिअरबाय अ‍ॅडॉप्ट, एनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ज धिस कॉन्स्टिट्यूशन'. कर्ता आणि क्रियापद यांच्यात अनेक ओळींचं अंतर पडलंय. डू ते अंतर जोडतं, इथून मुख्य क्रिया सुरू होते असं वाचणाऱ्याला सांगतं. शिवाय एकच डू अ‍ॅडॉप्ट, एनॅक्ट आणि गिव्ह या तिन्ही क्रियापदांना पुरतं.

दुसरं कारण भाषेच्या इतिहासात आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत होकारार्थी वाक्यात डू सर्रास येई, जोर नसतानाही. पुढे रोजच्या बोलण्यातून ते गेलं आणि फक्त जोरासाठी उरलं. कायद्याच्या, शपथेच्या भाषेने मात्र जुनी चाल सोडली नाही. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या शपथेचा नमुना आहे, त्यातही नावापुढे 'डू स्वेअर इन द नेम ऑफ गॉड' किंवा 'डू सॉलेम्न्ली अफर्म' हे शब्द आहेत. तहसीलमधल्या इंग्रजी शपथपत्रातलं 'आय डू हिअरबाय सॉलेम्न्ली अफर्म' याच घराण्यातलं.

अशा वाक्यांत बोलणं हीच कृती असते. 'अ‍ॅडॉप्ट' म्हणताक्षणी संविधान अंगीकृत झालं, 'स्वेअर' म्हणताक्षणी शपथ झाली. डू त्या कृतीला गांभीर्य देतं. मराठी उद्देशिकेत हे काम 'अर्पण करीत आहोत' या शेवटी येणाऱ्या क्रियापदाने होतं. मराठीत क्रियापद शेवटीच असतं, त्यामुळे अंतर जोडायला वेगळा शब्द लागत नाही.

वाचताना डूवर वादात देतो तसा आवाज चढवू नकोस. डूच्या आधी क्षणभर थांब, मग 'डू हिअरबाय' सलग, आणि तिन्ही क्रियापदांना सारखं वजन दे. आणि रोजच्या निबंधात किंवा रजेच्या अर्जात हे डू आणू नकोस. 'आय डू हिअरबाय रिक्वेस्ट यू' यापेक्षा 'आय रिक्वेस्ट यू' चांगलं.

प्रश्न : 'काच कोणी फोडली?' याचं इंग्रजी 'हू डिड ब्रेक द ग्लास?' की 'हू ब्रोक द ग्लास?'
– पालक, धाराशिव

उत्तर : 'हू ब्रोक द ग्लास?' हू स्वतःच कर्ता असेल तर साध्या प्रश्नात डिड लागत नाही. 'व्हॉट डिड ही ब्रेक?' मध्ये कर्ता ही आहे, म्हणून तिथे लागतं. 'हू डिड ब्रेक इट, देन?' हे वाक्यही बरोबर आहे, पण त्याची वेळ नंतर येते : चारही लेकरांनी "मी नाही फोडली" म्हटल्यावर, "मग फोडली तरी कोणी?"